बसल्या जागचे उड्डाण

विमान चालविण्याची हौस आणि विमान चालविण्याचा परवाना यांच्यातील अंतर बहुतेकांच्या आयुष्यात कधीच तुटत नाही. आपल्या देशात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी इतर अटींबरोबर २०० तासांचे प्रत्यक्ष उड्डाण पदरी असावे लागते, आणि त्याचा खर्च मध्यम स्थितीतील कुटुंबास सहसा झेपत नाही. म्हणून ही हौस पूर्वी कागदाची विमाने, पतंग आणि दाबोळीच्या कुंपणाबाहेर उभे राहून वर पाहणे यांवरच भागत असे. आता तिला घरातच एक जागा मिळाली आहे. एक संगणक, समोर पडदा, हाताशी योक किंवा जॉयस्टिक, पायाशी रडरची पेडल, आणि जमल्यास डोळ्यांवर आभासी दृश्याचा हेडसेट, एवढ्या सामग्रीवर माणूस रात्रीचे जेवण आटोपून हैदराबादेहून मोपला विमान आणतो आणि सकाळी नेहमीप्रमाणे कामावर जातो.

अशा छंदाची दखल सांस्कृतिक नियतकालिकाने का घ्यावी, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, जी कृती जगाची प्रतिकृती उभी करते ती नाटकाप्रमाणे वा चित्राप्रमाणेच समीक्षेस पात्र असते. तिने काय दाखविले, काय गाळले आणि पाहणाऱ्याकडून काय करवून घेतले, हे प्रश्न तिलाही विचारता येतात. दुसरे असे की, या प्रतिकृतीत आमचा पेडणे तालुकाही आला आहे. आपले गाव दुसऱ्याने रेखाटले असता ते कसे रेखाटले हे पाहण्याचा अधिकार गावकऱ्यास असतोच.

या विद्येचे मूळ पाहू गेल्यास गंमत वाटते. अमेरिकेतील बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक या तरुणाच्या घरी ऑर्गन बांधण्याचा धंदा होता. १९२९ साली त्याने ऑर्गनचे भाते आणि हवेचे पंप वापरून एक लाकडी खोका असा बसविला की, आत बसणाऱ्याने दांडा हलविताच तो विमानासारखा कलावा. ज्या भात्यांनी पेटीला सूर द्यावा त्यांनीच जमिनीवरच्या विमानाला गती दिली. प्रथम हे यंत्र जत्रेतील करमणूक म्हणूनच पाहिले गेले. पुढे १९३४ साली टपाल वाहताना खराब हवेत सैन्याचे कित्येक वैमानिक मरण पावले, तेव्हा अमेरिकन सैन्याने असे सहा खोके विकत घेतले. आणि दुसऱ्या महायुद्धात लक्षावधी वैमानिक त्यांत बसून तयार झाले. लिंकच्या खोक्याला बाहेरचे दृश्य नव्हते. झाकण लावले की आत केवळ उपकरणे दिसत, आणि त्या उपकरणांवर विश्वास ठेवण्यास शिकविणे हाच त्याचा हेतू होता. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढील विवेचन बऱ्याच अंशी तिच्याभोवतीच फिरणार आहे.

घरगुती संगणकावरील ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’ १९८२ साली आला. त्यातील पृथ्वी म्हणजे चार रेषा आणि दोन रंग. तरीही शिकागोच्या सरोवराकाठचे मेग्ज हे छोटेसे विमानतळ, जेथून त्याच्या अनेक आवृत्त्यांत आरंभीचे उड्डाण होई, जगभरच्या हौशी लोकांना आपल्या अंगणाइतके ओळखीचे झाले. मार्च २००३ मध्ये शिकागोच्या महापौरांनी एका रात्रीत त्याची धावपट्टी उखडून टाकली. प्रत्यक्षात नाहीसे झालेले ते विमानतळ जुन्या आवृत्त्यांत मात्र अद्याप शाबूत आहे, आणि तेथे आजही कोणीतरी उतरत असेल.

१८ ऑगस्ट २०२० रोजी, लोक साथीमुळे घरांत कोंडले गेले असताना, याच मालिकेची नवी आवृत्ती प्रसिद्ध झाली. ती फ्रान्समधील बोर्डो येथील असोबो या संस्थेने रचली होती. तिच्यात सबंध पृथ्वी आहे. उपग्रहांनी व विमानांनी टिपलेली छायाचित्रे हा तिचा पाया. ती छायाचित्रे पाहून कोठे घर आहे, कोठे झाड आहे हे ओळखण्याचे काम ऑस्ट्रियातील ग्राझ येथील एका कंपनीच्या संगणकांनी केले. हवामान स्वित्झर्लंडमधील एका संस्थेकडून प्रत्यक्ष वेळेचे येते. ३७ हजार विमानतळ आणि दीड अब्ज इमारती, असा आकडा निर्मात्यांनी दिला होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिची पुढील आवृत्तीही आली. तिच्याबरोबर ‘एक्स-प्लेन’ हा प्रतिस्पर्धी आहे. त्याची कीर्ती चित्रापेक्षा गणितावर उभी आहे, कारण तो विमानाच्या पंखाचे लहान लहान तुकडे कल्पून प्रत्येकावर वारा किती दाब देईल याचा हिशेब क्षणोक्षणी करतो.

आता ही प्रतिकृती आमच्या परिचयाच्या भूमीवर तपासून पाहू. दाबोळीहून एक लहान विमान घेऊन उत्तरेस निघावे. जुवारीचे मुख, पणजी, मांडवी, मग बारदेशचा किनारा, आणि शापोऱ्याचे मुख आले की नदीचा हात धरून उजवीकडे वळावे. शिवोली मागे पडते, कोलवाळचा पूल मागे पडतो, आणि वीसएक मिनिटांत हळर्ण खाली येते. नदीचे वळण अचूक आहे. टेकड्यांचे चढउतार अचूक आहेत. सायंकाळचे ऊन पाण्यावर जसे पसरते तसेच येथेही पसरते. जून महिन्यात प्रत्यक्ष हवामान चालू ठेवल्यास ढग इतके खाली उतरतात की, टेकडी आणि आभाळ यांची सीमा पुसून जाते. हे सारे पाहून हरखून न जाणारा माणूस अरसिकच म्हणावा लागेल.

परंतु दृष्टी थोडी स्थिरावली की उणिवा दिसू लागतात. हळर्णचा कोट दिसत नाही. त्याच्या जागी झाडांचा एक पुंजका आहे. कुळागर आणि रान यांत भेद नाही, कारण वरून दोन्ही हिरवीच. नदीच्या खालच्या अंगाची खाजने म्हणजे नुसते चौकोनी तुकडे. त्यांचे बांध आणि भरतीओहोटीचे पाणी अडविणारी मानस यांचा मागमूस नाही. घरे आहेत, पण ती कोणत्याही देशात शोभतील अशी. देवळाचा घुमट आणि शेजारचे गोदाम यांना एकाच मापाने मोजलेले आहे.

वकिलीच्या धंद्यात पुराव्याचे दोन प्रकार आम्हांस रोज वेगळे करावे लागतात. साक्षीदाराने डोळ्यांनी पाहिले तो प्रत्यक्ष पुरावा, आणि त्यावरून कोणी काढले ते अनुमान. या सिम्युलेटरमध्ये छायाचित्र हे प्रत्यक्ष असते. त्यावर उभे राहिलेले घर, त्याची उंची, त्याचे छप्पर हे पुष्कळसे अनुमान असते. पाहणाऱ्यास मात्र दोन्ही एकाच तेजाने दिसतात, आणि दोष आहे तो येथेच. २०२० साली लंडनचा बकिंगहॅम राजवाडा या प्रतिकृतीत एखाद्या कचेरीच्या इमारतीसारखा उभा राहिला होता. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या फॉकनर या उपनगरात तर बैठ्या घरांच्या मध्यभागी २१२ मजल्यांचा एक सुळका आकाशात घुसला. कारण इतकेच की, ओपनस्ट्रीटमॅप या सर्वांना खुल्या असलेल्या नकाशात कोणीतरी मजल्यांच्या रकान्यात २ ऐवजी २१२ लिहिले होते. चूक पुढे नकाशात दुरुस्त झाली, पण तोवर ती विटामातीची होऊन बसली होती. हौशी मंडळींनी त्या सुळक्याभोवती मौजेने घिरट्या घातल्या. आम्हांस त्यात मौजेबरोबर एक धडाही दिसतो. तो शेवटी सांगू.

चित्राची चर्चा येथे थांबवून हाताकडे वळू. संगणकाच्या कळफलकावर विमान चालविता येते, पण कळ ही दाबलेली असते किंवा नसते. विमान ‘किती’ हा प्रश्न विचारते. नाक किती उचलायचे, इंजिनाची शक्ती किती उतरवायची, आडव्या वाऱ्यात पायाचा जोर किती ठेवायचा, यांतील प्रत्येक गोष्ट मात्रेची आहे. तबल्याचे बोल तोंडपाठ असणे निराळे आणि ते चामड्यावर उमटविणे निराळे. योक, थ्रॉटल आणि पेडल हाती आल्यावाचून हा छंद तोंडपाठ बोलांच्याच पायरीवर राहतो. पेडलांकडे बहुतेक नवशिके दुर्लक्ष करतात. वस्तुतः धावपट्टीवर बाजूचा वारा असताना विमान तिरके आणून, टेकण्याच्या क्षणी पायाने सरळ करणे, यात जी हातोटी आहे ती शंभर सुंदर विमानतळांच्या चित्रांनी येणार नाही. नवा छंदी आम्हांस सल्ला विचारील तर आम्ही सांगू की, डोळ्यासाठी खर्च करण्यापूर्वी हातापायांसाठी करावा.

पुरवण्यांचा, म्हणजे ज्यांस सर्वत्र ‘ॲड-ऑन’ म्हणतात त्यांचा, विचारही याच कसोटीने केला पाहिजे. काही पुरवण्या एखाद्या विमानतळाचे वा शहराचे चित्र अधिक रेखीव करतात. काही एखाद्या विमानाची अंतर्रचना उभी करतात. दुसऱ्या प्रकारात ‘फ्लायबायवायर’ या हौशी मंडळींच्या गटाने रचलेले एअरबस ए-३२० हे विमान आम्हांस विशेष गौरवाचे वाटते. ते विनामूल्य आहे, त्याची रचना सर्वांस खुली आहे, आणि त्याच्या वीज, इंधन, हवेचा दाब या यंत्रणा बारकाईने रचलेल्या आहेत. ५ जानेवारी २०२३ रोजी मोप येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावर पहिले प्रवासी विमान हैदराबादेहून आले, तेच उड्डाण घरी करून पाहावे. थंड, अंधाऱ्या विमानात बसावे, बॅटरी चालू करावी, यादी हातात घेऊन एकेक ओळ पुरी करावी. पहिल्या दिवशी इंजिन सुरू होईपर्यंतच तास जातो. कंटाळा येतो. पण महिन्याभराने कोणती कळ कोणत्या कळीच्या आधी का, हे उमजू लागते, आणि त्या समजेचा आनंद दृश्याच्या आनंदाहून टिकाऊ असतो.

याच वाटेवर एक आडवळणही आहे. पुरवण्या विकत घेण्याचा नाद हा उडण्याच्या नादाहून लवकर वाढतो. विमानांनी भरलेले कोठार, आणि त्यांतील एकही धड चालविता येत नाही, अशी स्थिती या छंदात सर्रास आढळते. न वाचलेल्या ग्रंथांनी भरलेली कपाटे आपल्या घरांतूनही असतातच, तेव्हा या मंडळींस फार हसण्याचे कारण नाही. पण संग्रह म्हणजे व्यासंग नव्हे एवढे सांगणे टीकाकाराचे कर्तव्य आहे.

आभासी दृश्याच्या हेडसेटची सोय २०२० च्या डिसेंबरात या सिम्युलेटरला मिळाली. त्याचा पहिला परिणाम विलक्षण आहे. पडद्यावर जे चित्र होते ते एकाएकी जागा होते; मान वळविली की पंख दिसतो, पुढे वाकले की उपकरण जवळ येते, आणि धावपट्टी किती खाली आहे याचा अंदाज गणिताने न होता पोटात होतो. उतरताना त्याचा खरा उपयोग होतो. मात्र आपलेच हात, योकवरील कळा, टिपणवही यांपैकी काहीच दिसत नाही, आणि अनेकांस थोड्याच वेळात मळमळ सुटते. त्याचे कारण शास्त्रज्ञ असे देतात की, डोळा ‘हललो’ म्हणतो आणि कानाच्या आतील तोल सांभाळणारी इंद्रिये ‘स्वस्थ आहोत’ म्हणतात. येथे लिंकच्या खोक्याची आठवण होते. ढगात शिरलेल्या खऱ्या वैमानिकाचे शरीर त्याला फसविते. विमान कललेले असता शरीर सरळ आहे असे सांगते, आणि त्या वेळी उपकरणावर विश्वास ठेवणारा वाचतो. घरच्या खुर्चीत उलट स्थिती आहे. तेथे शरीर खरे बोलत असते आणि फसविला जातो तो डोळा. झाकण लावलेल्या खोक्याने शिकविले की दृश्यावाचूनही सत्य कळते. हेडसेट सांगतो की दृश्य म्हणजेच सत्य. दोहोंत गुरू कोणास मानावे याविषयी आम्हांस संशय नाही. तथापि आनंदाच्या रात्री शिष्याने गुरूची नजर चुकवावी, यास आमची हरकत नाही.

आता मुख्य आक्षेप. या छंदात चुकीचे फळ भोगावे लागत नाही. विमान डोंगरावर आदळले तर पडदा काळा होतो, आणि पुन्हा आरंभ करता येतो. कायदा सारा फळावर उभा आहे. भारतीय वायुयान अधिनियम, जो १९३४ च्या जुन्या कायद्याच्या जागी १ जानेवारी २०२५ पासून अमलात आला, त्याला या खुर्चीतील वैमानिकाशी काही कर्तव्य नाही. मग ज्या कृतीला फळ नाही तिला गांभीर्य कोठून येणार?

या आक्षेपाचे उत्तर छंदी लोकांच्या वर्तनातच आहे. जगात असे हजारो लोक आहेत जे घरातील एकट्या खोलीत, कोणी पाहत नसता, यादीतील एकही ओळ गाळीत नाहीत. इंधन खरे लागत नसताना ते इंधनाचा हिशेब मांडतात. २००१ साली स्थापन झालेल्या ‘व्हॅटसिम’ या जाळ्यावर काही जण बिनवेतन हवाई नियंत्रक होऊन बसतात, आणि बाकीचे ‘खाली उतरण्याची अनुमती नाही, थांबा’ ही त्यांची आज्ञा मुकाट्याने मानून आकाशात अर्धा तास घिरट्या घालतात. त्यांना दंड नाही, पगार नाही, परवान्याच्या तासांत त्यातील एक मिनिटही धरले जात नाही. तरीही नियम पाळला जातो. शिक्षेच्या धाकाने नियम पाळणारी माणसे आम्ही आयुष्यभर न्यायालयाच्या ओटीवर पाहत आलो. नियमाच्या सौंदर्यासाठी तो पाळणारी माणसे पाहायची असतील तर ती संगीतात, बुद्धिबळात आणि या छंदात दिसतात. आमच्या मते या कलेचा गाभा तो हाच आहे. चित्र हे तिचे वस्त्र आहे.

आणि म्हणूनच चित्राविषयीची आमची तक्रार अधिक तीव्र होते. जो माणूस एका कळीच्या क्रमाविषयी इतका प्रामाणिक राहतो, त्याने खालच्या भूमीविषयी इतके सैल का राहावे? मोपचा सडा घ्या. २०२० च्या आवृत्तीच्या प्रकाशनसमयी तेथे विमानतळ उभा राहिलेला नव्हता. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे उद्‌घाटन झाले, आणि आता त्या सड्यावर धावपट्टी आहे. सिम्युलेटरमधून पाहणाऱ्यास ती काळ्या रेघेसारखी, जणू अनादि काळापासून असल्यासारखी दिसते. परंतु त्या सड्याला आधी एक आयुष्य होते. तेथे गुरे चारणारी धनगर कुटुंबे होती, काजूची झाडे होती, पावसाळ्यात कातळावर फुटणारे झरे होते. त्या भूमीवरून खटला झाला. २९ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रकल्पाची पर्यावरण-मंजुरी स्थगित केली, कारण आरंभीच्या अर्जात आसपासच्या राखीव वनांची व संवेदनशील क्षेत्रांची माहिती नीट दिलेली नव्हती. पुढे १६ जानेवारी २०२० रोजी अटी घालून ती स्थगिती उठविण्यात आली, आणि अटींच्या पालनावर देखरेख करण्याचे काम नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेकडे सोपविण्यात आले. विमानतळ व्हावा की न व्हावा हा वाद आम्ही येथे उकरून काढीत नाही. त्याचा निवाडा झालेला आहे, आणि पेडण्याची कित्येक मुले आज तेथे नोकरी करतात. आमचा मुद्दा एवढाच की, २०१९ साली न्यायालयास जो दोष दिसला तो आणि या प्रतिकृतीचा दोष सख्खे भाऊ आहेत. दोहोंत भूमीकडे वरून पाहिले गेले, आणि जे वरून दिसले नाही ते नाहीच असे धरले गेले.

हे आमच्या गावच्या बाबतीत नवे नाही. १७४६ साली पोर्तुगीज विजरई पेद्रू मिगेल द अल्मैदा याने हळर्णचा कोट घेतला आणि त्या पराक्रमाबद्दल त्याला ‘मार्केझ द आलोर्ना’ ही पदवी मिळाली. त्याची नात लिओनोर ही पुढे पोर्तुगालची नामांकित कवयित्री झाली, आणि आजही ती साहित्यात ‘मार्केझा द आलोर्ना’ या नावाने ओळखली जाते. हळर्ण तिने कधी पाहिले नाही. त्या काळी गावाचे नाव भूमीला सोडून लिस्बनला गेले. आज गावाचे चित्र नावाला सोडून जगभरच्या पडद्यांवर जाते. दोन्ही प्रवासांत गावकऱ्यास कोणी विचारले नाही.

परंतु आजच्या प्रवासात एक फरक आहे, आणि तो आशेचा आहे. विजरईची पदवी हळर्णच्या कोणा शेतकऱ्यास दुरुस्त करता येण्यासारखी नव्हती. हा नकाशा करता येतो. फॉकनरच्या सुळक्याचा धडा तो हाच. एका माणसाच्या हातून पडलेला एक जादा आकडा जर जगाच्या प्रतिकृतीत २१२ मजले उभारू शकतो, तर दुसऱ्या एखाद्याने काळजीपूर्वक लिहिलेली खरी ओळही तेथे पोहोचू शकते. ओपनस्ट्रीटमॅप सर्वांस खुला आहे. दृश्यांच्या पुरवण्या रचण्याची साधनेही हौशी माणसाच्या आवाक्यातील आहेत. जगभर असंख्य छंदी आपापल्या गावचे पूल, मनोरे, चर्च रचून विनामूल्य देत असतात. आमच्या भागातील तरुण या छंदात मागे नाहीत. ते विमान निवडतात, हेडसेट निवडतात, लंडन आणि न्यूयॉर्कच्या पुरवण्या पैसे देऊन घेतात. त्यांपैकी कोणी एकाने एक सुटी खर्चून हळर्णच्या कोटाचे बुरूज मोजावेत, खाजनाचा बांध कोठून कोठवर जातो हे एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्यास विचारावे, कुळागराची सीमा एक-चौदाच्या उताऱ्याशी ताडून पाहावी, आणि ते सारे त्या नकाशात घालावे. असे करणाऱ्याला आम्ही विमानचालक तर म्हणूच, शिवाय भूमीचा साक्षीदारही म्हणू.

तेव्हा आमचा अभिप्राय असा. घरातील उड्डाण ही एक अस्सल विद्या आहे आणि तिची थोरवी तिच्या नियमनिष्ठेत आहे. साधनांत हातापायांची साधने प्रथम, विमानाची यंत्रणा उभी करणाऱ्या पुरवण्या नंतर, आणि डोळा दिपविणारी सामग्री सर्वांत शेवटी घ्यावी. या कलेचे जग अजून अर्धवट रेखाटलेले आहे, आणि आमच्या वाट्याचा तुकडा पुरा करण्याचे काम बोर्डो किंवा ग्राझ येथे बसलेल्या माणसांकडून होणार नाही. त्यासाठी विमानातून उतरून, दिवसाउजेडी, पायांनी हळर्णच्या वाटेने चालावे लागेल.